१२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक: कागदावर २१, हातात साडेचौदा. ॲव्हरेज नेमकं कुठं गळतंय?

निळी_हॅचबॅक

मंडळी, नमस्कार. पाच गिअरची मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक आहे, किमी ४२,००० च्या वर झालेत आणि ॲव्हरेज पडलंय. स्पेसिफिकेशन आधीच देऊन ठेवतो.

४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, ११९७ सीसी, टर्बो नाही. बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ७१.५ मिमी, कॉम्प्रेशन ११:१. ६००० आरपीएमला ६१ किलोवॅट, ४२०० ला ११३ न्यूटन-मीटर. पाचवा गिअर ०.७६, फायनल ड्राइव्ह ४.३०. वजन ८७५ किलो, टाकी ३७ लिटर. पुढे डिस्क, मागे ड्रम. मूळ टायर १७५/६५ आर१४.

कंपनीचा आकडा २१.२. तो कधी मिळाला नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण १७.२ च्या आसपास नेमानं मिळत होतं. आता शेवटच्या तीन टाक्या अशा: ४१२ किमीला २७.६ लिटर, ४३८ ला २९.९, ३९५ ला २७.५. डिस्प्ले मात्र १६.१ म्हणतो. निम्मं शहर, निम्मा हायवे, ८० ते ९० चा वेग. रस्ता तोच, चालवणारा तोच.

४१,००० ला जे बदललं ते: टायर (जुने २ मिमीवर आले होते, आता १८५/६५ आर१४), इंजिन ऑइल (१०डब्ल्यू-४० भरलंय, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे), एअर फिल्टर, मागचे ब्रेक शू. इंजिनचा दिवा पेटलेला नाही.

इंजेक्टर साफ करून घेऊ, प्लग बदलू, की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून बघू?

---

बाराचा_पाना

तिन्ही नको. इंजेक्टर साफ करणं हा आजार कळायच्या आधीचा उपाय आहे, आणि मागचे शू नुकतेच बदललेत हे तुम्ही यादीत सगळ्यात शेवटी लिहिलंय. मी तिथूनच सुरू करेन.

शू बदलताना होणारी नेहमीची चूक सांगतो. नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे पट्टे) बसवले की ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरवर शू लावून घ्यायचे असतात आणि हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी ताणायची असते. घाईत उलटं होतं. केबल आधी ताणली की शूची लिव्हर थोडी ओढलेलीच राहते, शू पूर्ण मागे येत नाही. हँडब्रेक दोन-तीन दातांत घट्ट लागतो, वर वाटतं काय मस्त काम झालंय! खाली चाक घासत राहतं.

बघायचं असं. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे, पहिला गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जॅकनं उचला आणि स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. टायरच्या घेरावर दोरीचे दोन वेढे घ्या, दोरीच्या टोकाला सामान मोजायचा काटा अडकवा आणि चाक सावकाश, एका गतीनं फिरेल इतकंच ओढा. काट्यावरचा आकडा लिहून घ्या. मग दुसरं चाक. दोन्ही बाजू अर्ध्या किलोच्या आत आणि सारख्या असतील तर ब्रेक निर्दोष. एक बाजू दीड-दोन किलो दाखवत असेल तर सापडलं.

पुढच्या चाकांना हा काटा लावू नका. तिथं ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्सही सोबत फिरतो, आकड्याला अर्थ राहत नाही. त्यापेक्षा ब्रेक फारसे न वापरता पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरनं डावा-उजवा डिस्क मोजा. फरक २०-२५ अंशांच्या वर गेला तर कॅलिपरच्या स्लाइड पिना कोरड्या झाल्यात असं धरा. तिथं ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. साधं ग्रीस फासलं तर रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा जास्त अडकते.

---

फीलरगेज

ब्रेक बघाच, पण त्याआधी घट नक्की किती ते ठरवू. कारण तुमचे दोन्ही आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेत.

१७५/६५ आर१४ चा व्यास: रिम ३५५.६, अधिक दोन बाजूंचे ११३.७५, म्हणजे ५८३.१ मिमी. १८५/६५ आर१४ चा ५९६.१. नवा टायर एका फेरीत २.२ टक्के जास्त अंतर कापतो, पण मीटर फेऱ्या मोजतो. म्हणजे तुमचे १२४५ किमी प्रत्यक्षात १२७२ आहेत. भागिले ८५ लिटर, १४.९७.

आता उलट बाजू. जुने टायर ८ मिमीवरून २ मिमीवर आले होते. व्यासात १२ मिमी गेले, उरला ५७१. तेव्हा मीटर दोन टक्के *जास्त* किलोमीटर दाखवत होता. शेवटी शेवटी तुमचं १७.२ खरं १६.८५ च्या जवळ होतं. म्हणून दिसणारी घट १५ टक्के, खरी ११. चार टक्के पेट्रोल कुठं गेलंच नाही, ते टायरच्या घेरात आहे.

तुम्ही तीन टाक्यांचे आकडे वेगवेगळे दिलेत हे बरं केलंत. ॲव्हरेजची सरासरी काढू नका, किलोमीटर आणि लिटर वेगवेगळे बेरीज करून मगच भागा. ३०० किमी २० च्या हिशेबानं आणि ३०० किमी १२ च्या हिशेबानं गेले तर उत्तर १६ नाही, १५ येतं (१५ + २५ = ४० लिटर). आणि नोझलच्या पहिल्या कट-ऑफला थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. कट-ऑफमध्ये एक लिटर इकडेतिकडे झालं तर १० लिटरच्या भरणीत १० टक्के चूक, ३० लिटरच्या भरणीत तीनच टक्के. टाकी बरीच रिकामी होऊ द्यायची ती याच कारणानं.

डिस्प्ले इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून अंदाज बांधतो. तुमच्याकडे तो १० टक्के उदार आहे. त्याचा उपयोग आज आणि कालची तुलना करण्यापुरताच.

ता. क. दिलेली स्पेसिफिकेशन आपसात जुळतात. ०.७८५४ × ७.३ × ७.३ × ७.१५ × ४ = ११९७. ब्रोशरमध्ये पुष्कळदा हेही जुळत नाही.

---

उताराचा_राजा

कंपन्या २१-२२ छापतात तेच खोटं असतं हो. माझा सल्ला, ९५ च्या वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल टाका आणि उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडा. दोन किमी तर सहज वाढतील.

---

फीलरगेज

दादा, तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, पण पहिला मजेशीर आहे म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

तो आकडा खोटा नसतो, तो एका ठराविक धावेचा असतो. जुनी युरोपीय एनईडीसी चाचणी ११८० सेकंदांची, ११ किमीची, सरासरी वेग जेमतेम ३४. तिचंच भारतीय रूप कमाल ९० किमी वेगाला थांबतं. २०१७ पासून युरोपात आलेली डब्ल्यूएलटीपी १८०० सेकंदांची, २३ किमीची, कमाल वेग १३१, म्हणून त्याच गाडीचा आकडा तिथं कमी दिसतो. चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो, रस्त्यावरचा वारा नाही, चढ नाही. दोन गाड्यांची तुलना करायला आकडा चांगला, पण तोही दोघींची चाचणी एकच असेल तर.

रस्त्यावर काय होतं ते ८७५ किलोच्या गाडीत दोन माणसं धरून मांडते. हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३३, पुढून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौ. मी., टायरचा रोलिंग गुणांक ०.०११. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा. इंजिन त्यातलं ८० च्या वेगाला २५ टक्के, १०० ला २७ आणि १२० ला २९ टक्के वापरतं असं धरलं (भार वाढतो तसं इंजिन सुधारतं), शिवाय गिअरबॉक्समध्ये सात टक्के जातात.

८० ला एकूण विरोध ३१६ न्यूटन, त्यातला हवेचा २०५. हिशेब येतो लिटरला साडेतेवीस.
१०० ला ४३१ न्यूटन, साडेअठरा.
१२० ला ५७३ न्यूटन, १५.

म्हणजे २१ शक्य आहे, ८५-९० च्या वेगानं, सपाटीवर, एसी न लावता. शहरात मात्र दोन गोष्टी खातात. ५० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबलात की जी गती ब्रेकमध्ये गेली ती परत मिळवायला १३-१४ मिलिलिटर पेट्रोल लागतं. आणि उभ्या गाडीत १२०० सीसीचं गरम इंजिन तासाला ०.६ ते ०.८ लिटर पितं, एसी लावला तर आणखी.

ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे, ती नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप, अवेळी भडकणं) सहन करायची ताकद. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ऑक्टेनवर इंजिन नॉक करत नसेल तर वरचं पेट्रोल टाकून काही हाती लागत नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलचा परिणाम मात्र खरा आहे, त्याच्या लिटरमध्ये ऊर्जाच २१ मेगाज्यूल. १० टक्के मिश्रणाला तीन-साडेतीन टक्के आणि २० टक्क्यांना सहा-सात टक्के ॲव्हरेज जातं. निळी_हॅचबॅक, या काळात पंपावरचं मिश्रण बदललं असेल तर तेही हिशेबात धरा.

---

चौथा_गिअर

न्यूट्रलचं मी सांगतो. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की साधारण १३००-१५०० आरपीएमच्या वर इंजेक्टर बंदच होतात, चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या जिवावर आयडल करावं लागतं, म्हणजे पेट्रोल जातं. शिवाय इंजिन ब्रेकिंग गेलं, ब्रेक तापले. उतारावर न्यूट्रल हे पैसे आणि जीव दोन्ही बाजूंनी तोट्याचं.

चालवण्याचं एकच सांगण्यासारखं: हळू रेस देत ३००० पर्यंत ताणण्यापेक्षा ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबून २०००-२२०० ला वरचा गिअर टाका. पेट्रोल इंजिन थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) अर्धवट मिटलेला असताना हवा ओढण्यातच दम घालवतं. पण १२००-१३०० ला चौथ्यात दाबून गाडी धडधडली तर खालचा गिअर घ्या, तिथं काही वाचत नाही.

---

निळी_हॅचबॅक

पेट्रोलचं मिश्रण तेच आहे, पंपावर खात्री केली. बाकी मोजमापं घेतली.

मागचं उजवं चाक ०.४ किलो. मागचं डावं १.८ किलो, आणि फिरवताना एका जागी खर्र आवाज. हँडब्रेक तीन दातांत घट्ट. पुढचे डिस्क ६२ आणि ६४ अंश.

थंड टायरमध्ये हवा २९ पीएसआय, दरवाजावरच्या स्टिकरवर ३२. आता ३२ केली.

ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला. लाँग टर्म ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय) +३, शॉर्ट टर्म ±४ मध्ये हलतो. कोड नाही. आयडल ८५० आरपीएम, आधी ७०० असायचं. कूलंटचं तापमान ट्रॅफिकमध्ये ८३, हायवेवर ८० च्या वेगानं चालताना ६६ ते ६९. ते नॉर्मल आहे का?

---

बाराचा_पाना

नाही. हीच दुसरी गळती, आणि ती चोरटी आहे.

हायवेवर वाऱ्यानं तापमान खाली येतंय आणि ट्रॅफिकमध्ये चढतंय, म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) थोडा उघडाच अडकलाय. निरोगी थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ ला उघडायला लागतो (आकडा त्याच्यावर कोरलेला असतो) आणि वेग कितीही असो, तापमान त्याच्या आसपास धरून ठेवतो. डॅशबोर्डचा काटा यात फसवतो, बऱ्याच गाड्यांत ७० ते १०० च्या मध्ये कुठंही असला तरी काटा मधोमध उभा. आणि दिव्याची वाट बघू नका. पी०१२८ कोड (इंजिन पुरेसं तापत नाही याचा) यायला ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, बऱ्याच अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

खात्री फुकट होते. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा, पंख्यापासून लांबून. इंजिन ७५-८० ला पोचेपर्यंत होज गारच राहायला हवा, मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट उघडा. काढल्यावर पातेल्यात दोरीनं टांगून पाणी तापवा, तळाला टेकू देऊ नका. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात आणि १२-१३ अंश पुढे पूर्ण, सुमारे ८ मिमी. गार पाण्यातच फट दिसली तर टाकून द्या, दुरुस्ती नसते त्याला.

---

फीलरगेज

तुमचा ट्रिम चांगला का दिसतोय तेही सांगते, नाहीतर कुणीतरी "मिश्रण ठीक आहे, थर्मोस्टॅटचा काय संबंध" म्हणेल. ६७ अंशांवर ऑक्सिजन सेन्सर काम करतोच, त्यामुळे संथ चालीत हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबरच राहतं. नुकसान दुसरीकडे होतं. ईसीयूच्या मते इंजिन अजून तापतंय, म्हणून आयडल वर (तुमचं ८५०), जोरात दाबलं की मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि ऑइल थंड म्हणून घर्षण जास्त. त्यात तुमचं ऑइल ४० ग्रेडचं. १०० अंशांला ३० ग्रेडची दाटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. थंड इंजिनात हा फरक आणखी वाढतो.

ट्रिम ±५ मध्ये असल्यानं इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि हवेची गळती तूर्त यादीतून बाद. +१० च्या वर असता तर हवा कुठून शिरतेय ते शोधायला लावलं असतं. −१० च्या खाली असता तर गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली वाफ इंजिनात सोडणारी झडप). एअर फिल्टरबद्दल सगळेच विचारतात: आताच्या इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरनं पिकअप जातो, ॲव्हरेज जवळपास जात नाही, कारण ईसीयू आत आलेल्या हवेच्या हिशेबानंच पेट्रोल देतो.

डाव्या चाकाचा हिशेब: १.८ वजा ०.४, म्हणजे १.४ किलोचा जादा ओढा, १४ न्यूटन. ८० च्या वेगाला एकूण विरोध ३१६. साडेचार टक्के एका ड्रममध्ये.

तीन पीएसआय कमी हवेचं अर्धा-एक टक्का असेल.

---

बाराचा_पाना

आता क्रम. सगळं एका दिवशी करू नका, नाहीतर कशानं किती आलं ते कळणार नाही. एक दुरुस्ती, दोन टाक्या, मग पुढची.

थर्मोस्टॅट पहिला. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. नव्याला नवं सील, आणि त्यात छोटं हलणारं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. कूलंट मॅन्युअलमधल्याच जातीचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि होज हातानं दाबत रहा. हवा अडकली तर तापमान वरखाली उड्या मारतं आणि हीटरमधून गार हवा येते. तसं दिसलं तर परत थंड करून भरा, तसंच चालवू नका.

मग ड्रम. हँडब्रेकच्या केबलचं नट *पूर्ण* सैल करा. ड्रम काढा, शू पाठीमागच्या प्लेटवर जिथं टेकतात त्या उंचवट्यांवर चर पडलेत का बघा, खर्र आवाज बहुतेक तिथला किंवा ड्रम गोल नसल्याचा. उंचवट्यांवर ब्रेक ग्रीस नखभर, लायनरला अजिबात नाही. ॲडजस्टरनं शू इतका बाहेर घ्या की ड्रम चढताना हलका घासेल. पेडल दहा-पंधरा वेळा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतील. त्यानंतरच केबल, मॅन्युअलमध्ये दिलेले दात होईपर्यंत. आणि परत काटा लावा.

---

निळी_हॅचबॅक

थर्मोस्टॅट निघाला तो पातेल्यात घालायची गरजच पडली नाही, गार असताना दोन मिमी उघडा होता. नवा टाकल्यावर हायवेला तापमान ८६-८८, आयडल ७००. दोन टाक्या: ८४२ किमी, ५४.१ लिटर. टायरची दुरुस्ती धरून १५.९.

मग ड्रम. केबल ताणलेली होतीच, शिवाय डाव्या प्लेटवर चर होते, कानशीनं घासले. आता दोन्ही चाकं ०.४. हँडब्रेक सहा दातांत. पुढच्या दोन टाक्या: ८६१ किमी, ५२.६ लिटर. दुरुस्तीसह १६.७.

ऑइल आताच ५डब्ल्यू-३० करू का?

---

फीलरगेज

नको, भरलेलं आहे तेवढं चालू द्या. त्यानं इंजिनाला धोका नाही, टक्का-दोन टक्क्यांचाच प्रश्न आहे, आणि चांगलं ऑइल ओतून देण्याइतकं ते नाही. पुढच्या सर्व्हिसला ५डब्ल्यू-३० सांगा आणि डिपस्टिकची वरची खूण ओलांडू देऊ नका. मीटरला १.०२२ नं गुणायचं मात्र पुढचे टायर येईपर्यंत विसरू नका.

---

बाराचा_पाना

आणि झिजत जातील तसा तो गुणकही खाली येईल. २ मिमीवर आले की जवळपास एक होईल.